पटवर्धनकाकांची दोन बिनं

आमचे शेजारी पटवर्धनकाका मरून परत आलेत. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच अशी ओळख करून देतात. "मी पटवर्धन. मूळचा नागपूरचा, आता बेसिंगस्टोक, मध्ये थोडा वेळ वर."

झालं असं, की एका सोमवारी संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना काका कोर्टवरच कोसळले. हार्ट बंद. आमच्या ग्रुपमधला अमोल डॉक्टर आहे, त्याने छाती दाबली, कोणीतरी भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन आणलं, आणि काकांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर "अगं, हिरवं. हिरवं आहे."

झालं. तेव्हापासून आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळात दोन पार्ट्या आहेत. अमोल म्हणतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की कडेचं दिसेनासं होतं, मधलं उजळ राहतं, म्हणून बोगदा दिसतो, आणि रंगबिंग तर काहीही दिसतात. भजन ग्रुपच्या जोशीकाकू म्हणतात, हृदयचक्राचा रंगच हिरवा, काकांना साक्षात्कार झाला.

आणि काका? ते दोघांशीही भांडतात. म्हणजे अमोलच्या घरी जेवायला गेले की आत्म्याच्या बाजूने आणि भजनाला गेले की सायन्सच्या बाजूने. मी दोन्हीकडे होते, शपथ.

जोशीकाकू म्हणाल्या, "आत्मा शरीराबाहेर पडतो आणि छतावरून सगळं स्वच्छ बघतो."

"चष्म्याशिवाय?" काका म्हणाले. "माझा मायनस सहा आहे वहिनी. चष्मा खाली कोर्टवर पडला होता."

आणि अमोलला काय म्हणाले माहितीये? "माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपत आली की स्क्रीन मंद होते. तुझ्या मेंदूची संपत आली की एचडी पिक्चर लागतो? रिप्रो करून दाखव."

हा त्यांचा लाडका शब्द. काका आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टर होते. बग सापडला की तो परत घडवून दाखवायचा, त्याला रिप्रो म्हणतात. अमोल म्हणाला, "काका, रिप्रो करायला तुम्हाला परत मारावं लागेल." काका म्हणाले, "आधी आमटी वाढ."

मागच्या आठवड्यात ते भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाले. कुंपणावरून मला हाक मारली. "सायली, सोमवारी माझी कचऱ्याची बिनं बाहेर ठेवशील?"

"कुठलं? काळं की हिरवं?"

"दोन्ही."

"काका, एका आठवड्यात एकच नेतात. कचऱ्याचं काळं, नाहीतर रिसायकलिंगचं हिरवं. हल्ली तुम्ही दर वेळी दोन्ही ठेवता आणि एक भरलेलं परत आत आणता. मी बघते ना खिडकीतून."

काकांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या काकूला कुठला आठवडा कुठल्या बिनचा, ते कधी कळलं नाही."

काकू मी इथे यायच्या आधीच गेल्या. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलंय.

"दर सोमवारी दारातून ओरडायची, अहो, उद्या काळं आहे, ठेवलंत का. आणि असायचं हिरवं. त्या दिवशी बोगद्यातून बरा चाललो होतो गं. मागून हाक आली. अहो, उद्या काळं आहे. मी वळून म्हटलं, अगं, हिरवं. तर समोर अमोल."

मी कुंपणाच्या आणखी जवळ सरकले.

"आता मला सांग. ते टाइमटेबल मला पाठ आहे. तिला माझ्याच डोक्याने बनवलं असतं, तर ती बरोबर बोलली नसती का? चूक तिचीच होती. म्हणजे तीच होती."

माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की काका, तुमच्या डोक्याला तिच्या चुकाही पाठ असणारच ना. पण गिळलं.

काका कुंपणाची फळी नखाने खरवडत होते. "अमोलला सांगू नकोस," म्हणाले. "त्याच्याकडे उत्तर असेल."

"आणि जोशीकाकूंना?"

"त्यांच्याकडेही असेल."

"बरं. पण मग दोन्ही बिनं कशाला?"

"इतकी वर्षं भांडलो, तिथे जाऊनही भांडलो. म्हटलं, आता तिचंही ठेवू या."

सोमवारी मी दोन्ही बिनं बाहेर ठेवली. हिरव्याचा आठवडा होता. काळं मी जरा पुढे ठेवलं.