आवाज लिंबापर्यंत

बापूरावांनी मला शिकवणीला ठेवलं, तेव्हा माझं बी.ए.चं सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं. त्यांनी मला मळ्यातल्या घराच्या ओट्यावर उभं केलं, मी त्या लिंबाखाली जातो, तुम्ही पाढा म्हणा, असं सांगितलं आणि खांद्यावर टॉवेल टाकून ते बांधाबांधानं निघाले. तो कडुलिंब चांगला दोन वावरं पलीकडे. मी छाती फुटेस्तोवर सतराचा पाढा म्हटला. लांब लिंबाखाली पांढरा टॉवेल वर झाला. ऐकू गेलं, म्हणजे मास्तर पास.

केदारखेड्याला तेव्हा हिवाळा होता आणि सगळीकडे मास्तरांचा संप चालला होता. शाळेला कुलूप लागल्यावर गावातली पोरं खुशीत होती, बापूराव तेवढे घाबरले होते. त्यांची बायको पूर्वीच गेली होती आणि एकुलती एक लेकही दोन वर्षांमागे वारली. लेकीचा मुलगा पांडू त्यांच्याजवळ राहायचा. जावई जालन्यात बँकेत होते. पोराचं शिक्षण बुडत असेल तर संक्रांत झाल्यावर येऊन त्याला घेऊन जाईन, असा त्यांनी निरोप धाडला. तेव्हापासून बापूराव मास्तर शोधत होते.

माझ्याआधी एक पेन्शनीतले तलाठी येऊन गेले. बापूरावांचं म्हणणं, माणसाला ज्ञान लई, पण आवाज ओट्याखाली उतरत न्हाई. मग एक भजनी बुवा आले. त्यांचा आवाज लिंबाच्याही पुढं जायचा, पण ते पाढे इतके गोड म्हणायचे, की पांडू दुसऱ्या पाढ्यालाच झोपायचा.

शिक्षणाचा आणि आवाजाचा हा संबंध बापूरावांनी विहिरीवर जोडला होता. ऑइल इंजन सुरू करून ते पार टोकाला गव्हात पाणी फिरवायला जात. आवाज एकसारखा आला, की पाणी बराबर चालू. तोच न्याय त्यांनी पांडूला लावला. मी श्वास घ्यायला थांबलो, तरी बांधावरून हाक यायची, "मास्तर, बंद पडलं का?" गव्हाला पाणी द्यायचं असेल त्या दिवशी मला सुट्टी. इंजन आणि मी दोघं एकदम चालून उपयोग नव्हता.

आमचं घर बुद्धवाड्यातलं. मी बापूरावांच्या ओट्यावर बसतो, त्यांच्या घरच्या कपातून चहा पितो, यावर गावात काहींनी नाकं मुरडली. बापूरावांनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, की ह्याचा आवाज ऐकला का तुम्ही?

त्या दुपारी मला अजून स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. शाळू हुरड्यात आलेला, ऊन कोवळं, आणि पांडू डोळे मिटून झुलत झुलत पाढे म्हणतोय. एकेक पाढा संपला, की लिंबाखाली टॉवेल बगळ्यासारखा वर उडायचा. पाढा कुठं संपला आणि पेंग कुठं सुरू झाली, हे आम्हा दोघांनाही कळायचं नाही. हा संप कधी मिटूच नये, असं मला वाटायला लागलं होतं.

संक्रांत झाली आणि जावई आले. बापूरावांनी पांडूची घोंगडी अंथरून त्यांना ओट्यावर बसवलं, आणि पाव्हण्यांनी परीक्षा घ्यावी म्हणून ते स्वतः लिंबाखाली जाऊन उभे राहिले. जावई तसा भला माणूस. त्यांनी पोराला मांडीशी घेतलं आणि हळूच सतराचा पाढा विचारला. पांडूनं त्यांच्या कानाशीच अशी काही आरोळी ठोकली, की त्यांच्या हातातली बशी खाली पडली. तिकडे टॉवेल आनंदानं वर झाला.

"हळू म्हण बाळा," जावई म्हणाले.

पांडूनं तोंड उघडलं आणि तो अडला. सतरा त्रिकच्या पुढं काही येईना. हळू आवाजात त्यानं पाढा कधी म्हटलाच नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला, त्याचे डोळे भरले. जावयांनी त्याला आणखी जवळ ओढलं, आणि काय ठरलं ते मला कळलं. लिंबाखाली टॉवेल हलतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पांडू गेला. पुढं काही दिवसांत संप मिटला, शाळा उघडली, आणि माझं काम संपलं असं मी धरून चाललो.

एका संध्याकाळी बापूराव आमच्या दारात. आईनं चहा ठेवला. ते खाली बसले, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "मास्तर, उद्यापासून येत जा."

मी विचारलं, शिकवायचं कोणाला?

"कोणालाच न्हाई. नुसते पाढे म्हणा." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पोरगी गेली तवा घर बंद पडल्तं. ह्या हिवाळ्यात जरा चालू झाल्तं. आता एकदम बंद केलं तर मला न्हाई झेपायचं. हळूहळू बंद करू."

मी गेलो. ओट्यावर पांडूची घोंगडी तशीच अंथरलेली. बापूराव लिंबाखाली पोचले. मी सतरापासून सुरू केलं. टॉवेल वर झाला. हळूहळूच बंद करायचंय म्हणून अठराला आवाज थोडा उतरवला. टॉवेल वर झाला. एकोणीस तर मी घरात बोलल्यासारखा म्हटला, तो लिंबापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. तरी टॉवेल वर झाला. शेवटी मी नुसतेच ओठ हलवले. विसाचा पाढा, जेमतेम पुटपुटलो असेन.

लांब उन्हात टॉवेल वर झाला आणि तसाच हलत राहिला.

मला राहवेना. उठून उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर पुन्हा सतरा एके सतरापासून सुरुवात केली.