वीस फूट लांब

"जनरेटर चालवायला एवढं लागतं काय? वाचता आलं की झालं!"

हे वाक्य तात्यारावांच्या तोंडून बाहेर पडलं आणि सोसायटीच्या बैठकीतल्या सगळ्या माना वळल्या. तात्यारावांची मानसुद्धा वळली. हे नक्की बोललं कोण, ते बघायला! सरकारी ग्रंथालयात उभी हयात काढलेला हा माणूस. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायचं धाडस होत नाही म्हणून विश्रांतवाडीच्या चौकाच्या दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत येणारा. तो जनरेटर चालवणार?

पण झालं होतं असं. महिला मंडळाचा वर्धापनदिन होता गुरुवारी. आता पुण्यात गुरुवार म्हणजे वीज दुरुस्तीचा दिवस, दिवसभर लाइट बंद, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी गुरुवारच का? तर त्या दिवशी मंडपवाल्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं, म्हणून. कार्यक्रमात सुंदराबाई गाणार होत्या. सुंदराबाई म्हणजे तात्यारावांची बायको. त्यांच्या वडिलांची एके काळी गायन पार्टी होती; गावोगाव रात्र रात्र गाणारी. लेकही त्यात गायची. पण लग्न झालं ग्रंथपालाशी! स्वयंपाकघरात जरा सूर लागला की बाहेरच्या खोलीतून "शूऽऽ" यायचं. तात्याराव वाचत असायचे. गेली चाळीस वर्षं बाईंनी सगळा रियाज कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने केला.

बैठकीत जनरेटर चालवायला कुणी पुढे येईना, म्हणून सेक्रेटरी साईनाथ हसून म्हणाला, "सुंदराकाकू माइकशिवाय? दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला आवाज तर मिळवली!" तेव्हा सुंदराबाईंनी नुसता पदर सारखा केला. तो पदर सारखा करणं तात्यारावांच्या काळजात कुठेतरी जाऊन टोचलं, आणि मग ते वाक्य सुटलं.

"घ्या तर मग!" साईनाथने सोसायटीचा नवाकोरा जनरेटर तात्यारावांच्या गळ्यात मारला. "त्यात वाचायचंय काय पण? दोरी ओढायची, सुरू!"

"माहितीपुस्तिका कुठाय?"

"ती फोडलीच नाही अजून. पिशवीत असेल."

तात्यारावांना अशा माणसाची कीव आली. न वाचलेलं पुस्तक घरात ठेवून या माणसाला झोप कशी लागते?

त्यांनी ती पुस्तिका प्रस्तावनेपासून वाचली. एकदा वाचून त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा वाचली. जसजशी पानं उलटत गेली तसतसा त्यांचा चेहरा भुताची गोष्ट वाचणाऱ्यासारखा होत गेला. या यंत्राच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपल्या जागी खलास! म्हणून यंत्र घरात नको, जिन्याखाली नको, पार्किंगच्या छपराखाली नको. उघड्यावर हवं, कोरड्या, सपाट जागेवर. आणि कुठल्याही खिडकीपासून, कुठल्याही दारापासून किमान वीस फूट लांब!

तात्याराव बायकोची शिवणाची टेप घेऊन खाली उतरले.

आता वाचकहो, आमच्या पुण्यात खिडकीपासून वीस फूट लांब अशी जागा शोधायची म्हणजे... तुम्हीच बघा आपापल्या घराबाहेर! तात्यारावांनी पाण्याच्या टाकीपाशी टेप लावली. वरून आवाज आला, "अहो, आमच्या बेडरूमच्या खिडकीचं माप कशाला घेताय? पडदे आहेत आमच्याकडे." फाटकाशी लावली, तर वॉचमनच्या खोलीची खिडकी. कचऱ्याच्या डब्यांकडे गेले. तळमजल्यावरच्या शर्मिलाताई, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा, गॅलरीत हाताची घडी घालून उभ्याच होत्या.

"तात्या, माझ्या गॅलरीखाली ते धूड ठेवलंत तर कार्यक्रम तुमचा होईल आणि शोकसभा माझी."

"नाही नाही, तेच तर मी..."

"मग मोजा पुढे."

मोजत मोजत तात्याराव शेवटी एका ठिकाणी थबकले. चारही बाजूंच्या खिडक्या लांब. जमीन सपाट. वर पावसाला ताडपत्री, चारही बाजूंनी मोकळं. पुस्तिकेतल्या चित्रासारखी जागा! आख्ख्या सोसायटीत अशी एकच होती.

तिथे मंडपवाल्याने स्टेज घातलं होतं.

"तात्या, डोकं फिरलंय का?" साईनाथ ओरडला. "जनरेटर स्टेजवर? मग बायका कुठे गाणार?"

"शर्मिलाताईंच्या गॅलरीखाली. स्कूटर जरा सरकवल्या की झालं," तात्याराव पुटपुटले. "आणि ते स्टेजवरचं सतरंजीबितरंजी काढावं लागेल. पेट घेतं. आणि, राग मानू नका, खुर्च्याही वीस फूट मागे..."

"मागे भिंत आहे!"

"भिंतीला टेकून चालतील."

साईनाथने शेवटचा उपाय काढला. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर त्याने खिशातून काढली. "सोडा ते सगळं. गेटवर ठेवू आणि मीटरच्या बोर्डात ही घुसवू. सगळ्या बिल्डिंगला लाइट! पंखेसुद्धा!"

तात्यारावांनी ती वायर साप दिसावा तशी पाहिली. "अहो, यातून वीज उलटी जाते! चौकात कुणीतरी खांबावर चढून दुरुस्ती करत असेल. त्याला वाटतंय लाइन बंद आहे, आणि आपण इथून..." वायर त्यांनी घडी करून खिशात घातली आणि ती परत द्यायचं साफ नाकारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाची वस्तू जप्त केली होती!

तर गुरुवारी दुपारी चित्र असं होतं. मधोमध स्टेज. स्टेजवर, झिरमिळ्यांच्या खाली, लालभडक जनरेटर, नवरदेवासारखा! चारही भिंतींना पाठ लावून बसलेलं पब्लिक, सगळ्यांची तोंडं जनरेटरकडे. आणि मंडळाच्या भगिनी स्कूटरींच्या मागे, पांढऱ्या साड्या सावरत, फक्त डोक्यापासून खांद्यापर्यंत दिसणाऱ्या.

तात्यारावांनी ऑइल तपासलं. पेट्रोल घातलं. काठोकाठ भरू नये, असं पुस्तिकेत होतं. तात्यारावांनी काठापासून इतकं खाली ठेवलं की पेट्रोल आहे की नुसता वास आहे, तेच कळेना. सगळी वायर वेटोळं सोडून उलगडली. दोरी ओढली. फर्रर्र! चालू! टाळ्या पडल्या. तात्याराव लाजेने जनरेटरपेक्षा लाल झाले.

एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. कुठल्याशा महामंडळाचे निवृत्त अधिकारी. उद्घाटनं करून करून हाताला कात्रीचा आकार आलेले. त्यांनी एकवार सगळं पाहिलं. स्टेज, झिरमिळ्या, सगळी जनता टक लावून यंत्राकडे बघतेय... त्यांना कुणी काही सांगायची गरजच वाटली नाही. शर्मिलाताईंच्या हातातला हार घेऊन ते तरातरा स्टेजवर चढले आणि हार त्यांनी थेट जनरेटरला घातला!

"अहो, नको! सायलेन्सर!" तात्याराव धावले.

झेंडूचा धूर निघाला. तात्यारावांनी पळीसारखा हात घालून हार उडवला. तो जाऊन साईनाथच्या गळ्यात पडला. लोकांना वाटलं सत्कार आहे, टाळ्या! साईनाथनेही सवयीने नमस्कार केला आणि मग चटका बसून तो उडाला.

पाहुण्यांनी माइक मागवला. "आज या जनरेटरच्या लोकार्पण प्रसंगी..." अशी जी सुरुवात झाली, ती अंधार, अज्ञान, प्रकाश, शिक्षण करत करत त्यांच्या नातवाच्या कॅनडातल्या ॲडमिशनपर्यंत गेली. स्कूटरींमागे सुंदराबाई उभ्या होत्या. तात्याराव मात्र जनरेटरच्या टाकीकडे बघत होते. एकेक वाक्यागणिक पेट्रोल जळत होतं!

शेवटी भाषण संपलं. शर्मिलाताईंनी जाहीर केलं, "आता सुंदराबाई..."

फट् फट् फुस्स.

माइक गेला.

"पेट्रोल संपलं!" साईनाथ कॅन घेऊन स्टेजवर चढला. "सरका तात्या, ओततो."

तात्याराव दोन्ही हात पसरून यंत्रासमोर उभे राहिले. "नाही! गरम आहे. गार होऊ द्या. गरम इंजिनावर पेट्रोल सांडलं तर भडका उडेल!"

"अहो, काकूंचंच गाणं आहे!"

"माहीत आहे!"

"पाहुणे चालले!"

"जाऊ देत!"

हे एवढ्या मोठ्याने निघालं की पाहुणे जाता जाता पुन्हा बसले. तात्यारावांनी भीत भीत स्कूटरींकडे पाहिलं. ज्या बाईचा आवाज लोकांपर्यंत पोचावा म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्याच गाण्याच्या वेळेला आपण असे आडवे उभे! पेट्रोल कमी घातलं तेही आपणच. चाळीस वर्षं "शूऽऽ" करून भागलं नव्हतं की काय?

सुंदराबाईंनी मुका माइक एका स्कूटरच्या सीटवर ठेवला. पदर खोचला. स्कूटरींमधून वाट काढत त्या पुढे आल्या, डावा हात कानाशी नेला आणि आवाज लावला.

साईनाथच्या हातातला कॅन खाली आला. फाटकाबाहेर आळंदी रोडच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. त्यांना न जुमानता तो सूर त्यांच्या वरून गेला. पाण्याच्या टाकीवरची खिडकी उघडली. वॉचमनच्या खोलीची उघडली. समोरच्या इमारतीतल्या उघडल्या. तात्यारावांनी टेपने मोजलेली एकेक खिडकी उघडली, आणि ज्या मोजल्या नव्हत्या, त्याही!

जनरेटर कधीच गार झाला होता. पेट्रोल ओतायचं कुणालाच सुचलं नाही, तात्यारावांनासुद्धा.

संध्याकाळी वीज आली. रात्रीचं जेवण झालं. तात्याराव दिव्याखाली पुस्तक उघडून बसले. स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता सुंदराबाईंनी सूर लावला, या खेपेला कुकरशिवाय, पूर्ण उघडा! तात्यारावांचं बोट सवयीने ओठांपाशी गेलं आणि...

सूर थांबला. सुंदराबाई दारात उभ्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. म्हणजे, अजून काही म्हणालो नव्हतो."

"वाचायचंय ना? मग वीस फूट लांब बसा."

तात्यारावांच्या घरात खिडकी-दारापासून वीस फूट लांब अशी जागा कुठली असणार? ते खुर्ची घेऊन जिन्यात जाऊन बसले. आवाज तिथेही येतच होता. पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं.

खालून शर्मिलाताई कचऱ्याची बादली घेऊन चालल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"का हो तात्या, इथे?" त्या म्हणाल्या. "गार व्हायला ठेवलंय वाटतं?"