घोषणांचे परीक्षक

आमच्या ठाण्याचे हवालदार सावंत संपाच्या बंदोबस्ताला जातात ते शांतता राखायला नाही, घोषणांना मार्क द्यायला. विरार पूर्वेच्या दगडखाणीवर संप लागला तेव्हा फाटकापाशी मी काठी घेऊन उन्हात उभी, आणि हे सावलीत डोळे मिटून, गवयाचा रियाज ऐकावा तसे. घोषणा संपली की मान हलवून म्हणत, "दम नाही. पोटातून येत नाही."

एकदा तर पुढाऱ्याला बाजूला घेऊन, मागच्या रांगेने आवाज आधी उचलायला हवा, असं समजावलं. त्याला वाटलं पोलीस दम देतोय. त्याने अर्धा दिवस माईकच बंद ठेवला.

आणि हे शिकवणार कोण? तीस वर्षांत साहेबापुढे "जी सर" पलीकडे ज्यांची मजल गेली नाही, ते. फुलपाड्यात आम्ही एकाच इमारतीत राहतो. पाणी चार दिवस आलं नाही तेव्हा सगळे सेक्रेटरीच्या दारात भांडत होते. हे मात्र खाली टँकरच्या रांगेत बादली घेऊन, मुकाट्याने. असल्या माणसाची मला कीव नाही, चीड यायची.

खाणीच्या संपात फाटक अडवून पहिल्या रांगेत जानकीबाई बसायची. सुरुंगात तिच्या नवऱ्याचा पाय गेला होता आणि त्याच्या भरपाईसाठीच सगळ्यांनी काम टाकलं होतं. डंपर एकदा बाहेर पडला की संप मोडला, हे सगळे जाणून होते. अठराव्या दिवशी डंपर काढायचा हुकूम आला. बायकांना उचलायला बायकाच लागतात, म्हणून जानकीबाईला मी उचललं. तिचे नुसते ओठ हलत होते, घसा पार बसला होता. डंपर धूळ उडवत गेला. सावंत पुटपुटले, "आज तर आवाजच नाही." त्यांना तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली.

पोलीसगाडीत तिला बसवलं. सावंत जाळीपाशी आले आणि खिशातून कागदात गुंडाळलेली ज्येष्ठमधाची कांडी काढून आत सरकवली.

"चघळ बाय. सकाळपर्यंत घसा सुटेल."

"डंपर गेला ना सायेब," ती कशीबशी म्हणाली. "आता कोनासाठी ओरडू?"

सावंतांनी जाळी धरली.

"माझ्यासाठी ओरड. मला कधी जमलं नाही."

तिने कांडी तोंडात धरली. सावंत माझ्याकडे न बघता पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. ठाण्यापर्यंत मी त्यांना एकही टोमणा मारला नाही, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते फार जड गेलं.