हरवलेल्या आठव्या टिकलीचे प्रकरण

बंडूजींच्या मते महाराष्ट्रात खरी निरीक्षणशक्ती असलेली माणसे अडीच. एक ते स्वतः, दुसरे त्यांचे दिवंगत मित्र अण्णाजी, आणि उरलेला अर्धा म्हणजे नागपूरचा एक पोलीस अधिकारी, ज्याचे नाव त्यांना कधीच आठवत नसे. तळेगावच्या बसस्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षे काढली होती. नुसत्या चाकावरच्या चिखलावरून आपण सांगू शकतो, गाडी आर्वीवरून आली की आष्टीवरून, असा त्यांचा दावा होता. गाडीच्या कपाळावर पाटी असते, हे कोणी सुचवले तर ते म्हणत, "पाटी तं कोणीबी वाचते."

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला, त्यात पंचावन्न मार्क मिळवले आणि त्याच संध्याकाळी स्वतःला संगणक-गुन्हे अन्वेषक जाहीर केले. खिशात भिंग, काखेत लाल डायरी आणि गळ्यात नोकरीतली शिट्टी. शिट्टी कशाला, हे रक्षाने एकदा विचारले होते.

"गुन्हेगार पळाला तं?" बंडूजी म्हणाले.

रक्षा ही अण्णाजींची मुलगी. वडील गेल्यापासून त्यांचे कॉम्प्युटर सेंटर ती एकटीच चालवत होती. सेंटर म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पाहुण्यासाठी एक खुर्ची. त्या खुर्चीत बंडूजी रोज साडेदहाला चहाला येऊन बसत. अण्णाजी असताना येत, तसेच. दारातल्या ओट्यावर शकुबाईंचे बांगड्या-टिकल्यांचे दुकान होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षाने पासवर्ड दिला आणि कॉम्प्युटर म्हणाला, चूक. तिने पुन्हा दिला. पुन्हा चूक. कॅप्स लॉकचा दिवा पाहिला, तो विझलेला होता. तळेगावातल्या निम्म्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरांचा जीव त्या एवढ्याशा दिव्यात असतो, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. पण आज दिवा निर्दोष होता.

शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. तिने आर्वीला सचिन मेकॅनिकला फोन लावला. सचिनकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होते.

"ताई, फॉरमॅट मारा लागन. पूर्ण सफा. तीनच्या गाडीनं येतो."

"आतलं सगळं जाईल?"

"जाईनच ना. जुनं ठेवून काय करता?"

ती हो म्हणाली, कारण शाळा थांबणार नव्हती. फोन ठेवल्यावर मात्र तिला ‘चाचणी’ नावाची फाईल आठवली. दोन वर्षांपूर्वी दुकानात माईक आणला तेव्हा बाबांनी तो चालतो का, ते पाहिले होते. बारा सेकंदांचा आवाज. रोज झाडू मारून झाला की रक्षा ती फाईल एकदा लावत असे. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही नव्हतेही. त्या फाईलची नक्कल मात्र कुठेच नव्हती. गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ‘फ्लॉपीवर एक प्रत ठेवत जा’ असे ती गेली दोन वर्षे सांगत होती.

साडेदहाला बंडूजी आले. प्रकरण ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"कशाले हात लावू नको. आधी चहा आन."

चहा पिता पिता त्यांनी डायरीत नोंद केली : गुन्ह्याची जागा, टेबल. पीडित, कॉम्प्युटर. हवामान, कोरडे.

"पासवर्ड काय आहे?"

"काका, तुम्हाले माहीत आहे."

"साक्षीदाराच्या तोंडून आला पाह्यजे."

"तळेगाव. इंग्रजीत. आठ अक्षरं."

"अण्णाचं डोकं पाह्य," बंडूजी म्हणाले. "गावाचंच नाव. चोर पाटीखाली उभा राहून डोकं खाजवन, पन त्याले सुचनार नाई."

त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटाने, एकेका कळीला जागेवर खिळवत, पासवर्ड दिला. चूक. "हे ‘जी’ जरा कडक लागून राह्यलं," ते पुटपुटले आणि डायरीत लिहिले : कीबोर्डला संधिवात. गुन्ह्याशी संबंध नाही.

मग त्यांनी डोळे मिटले. रक्षाला ही मुद्रा ठाऊक होती. यातून एक तर सिद्धान्त निघे, नाहीतर घोरणे.

"धर्मेंद्र," ते म्हणाले.

पलीकडच्या चौकात धर्मेंद्रने नवे सेंटर टाकले होते. आदल्या संध्याकाळी तो सोने द्यायला आला होता आणि आपट्याची पाने हातात देऊन दोन मिनिटे टेबलापाशी उभा राहिला होता.

"सोनं द्याले आला अन् पासवर्ड बदलवून गेला. साधं आहे."

"काका, तो माझ्यासमोर उभा होता. हात जोडून."

"हात कोनासमोरबी जोडता येते," असे म्हणून बंडूजी चौकशीला गेले. पाऊण तासाने परतले तेव्हा त्यांच्या मिशीत शेव होती.

"निर्दोष," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "त्याले सोताचाच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनले चिकटवा लागते. सारं गाव वाचते. तो दुसऱ्याचा काय करन?"

दुसरा सिद्धान्त व्हायरसचा होता. गावात डोळ्यांची साथ होती, तेव्हा कॉम्प्युटरलाही काहीतरी झाले असणार. त्यांनी फ्लॉप्यांचा वास घेतला, भिंगातून माउसचे पोट तपासले आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर उलटा हात ठेवला.

"गरम आहे."

"तो रोजच गरम असते, काका."

"मंग जुनाट ताप."

दीड वाजला. रक्षाने जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकले. बंडूजींनी तिसरा सिद्धान्त जरा सांभाळूनच काढला.

"अण्णाच बदलवून गेला असन."

"बाबांले जाऊन सात महिने झाले. परवापर्यंत चालत होता."

"हो, ते बी आहेच." त्यांनी कपात पाहिले. कप केव्हाचा रिकामा होता. "अन् बदलवला असता तं मले सांगून गेला असता."

रक्षाने आणखी एकदा पासवर्ड दिला. चूक.

अडीचच्या सुमारास शकुबाई उंबऱ्यावर येऊन टेकल्या. दुपारी गिऱ्हाईक नसले की त्या तिथून पडद्याकडे पाहत बसत. दुसरे पाहण्यासारखे समोर फक्त खताचे दुकान होते.

"रक्षे, एक इचारू काय? रोज तुह्या पाकिटात आठ टिकल्या राह्यते. आज सातच काऊन?"

"कोणत्या टिकल्या, मावशी?"

"त्याच. काळ्या. तू टकटक करते अन् त्या चौकटीत उमटते त्या."

बंडूजी हसले. "शकुबाई, हे तांत्रिक काम आहे. तुमाले वाचता येते काय?"

"नाई येत, बंडूजी. म्हनून तं मोजा लागते. आठाचं पाकीट हाय का सहाचं, हे मी हात न लावता सांगीन. तुमी सकायपासून साताचं पाकीट खपवून राह्यले, ते मशीन कसं घेईन?"

रक्षाने हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले. रोजच्यासारखे सपाट्याने नाही; एक अक्षर दाबायचे आणि वर पाहायचे. पहिली टिकली. दुसरी. तिसरी. चौथी. मग तिने ‘जी’ दाबले. टिकल्या चारच राहिल्या. पुन्हा दाबले. कळ अर्धीच खाली जात होती.

"आन इकडं," शकुबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवर जुना पेपर अंथरला, कीबोर्ड पालथा धरला आणि सूप झटकावे तसे पाठीवर तीन थापा दिल्या. बिस्किटाचा चुरा पडला, एक टाचणी पडली, झेंडूची पाकळी पडली. मागोमाग कुंकवाने लाल झालेले तांदळाचे चार दाणे. पाचवा ‘जी’च्या खाली कुंकवाच्या चिखलात घट्ट बसला होता. तो त्यांनी अंबाड्यातल्या आकड्याने काढला आणि उजेडात धरला.

"अक्षता. पूजा कोनं केलती?"

दर दसऱ्याला अण्णाजी पडद्यावर एक फूल ठेवत आणि हात जोडत. यंदा त्यांच्या जागी पूजेला उभे राहण्याचा मान बंडूजींनी घेतला होता. वडीलकीचे काम, त्यात हात आखडता कशाला, म्हणून त्यांनी कुंकू कालवून मूठभर अक्षता कीबोर्डवर सोडल्या होत्या. मंत्रासकट.

बंडूजींनी डायरी उघडली. ‘गुन्हेगार :’ असे लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि डायरी मिटली.

"पुढच्या दसऱ्याले डब्याची पूजा करजा," शकुबाई उठत म्हणाल्या. "बटनं या पोरीवर सोडा."

आठ टिकल्या उमटल्या आणि कॉम्प्युटर उघडला.

तीनच्या गाडीने सचिन आला, हातात सीडी काढूनच. एक बटन अडकले होते हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

"तरीबी मारून देऊ काय? आलोच आहो तं."

"नको," रक्षा म्हणाली. "चहा घे."

तो चहा घेऊन गेला. तो जाण्याआधीच तिने नवी फ्लॉपी घालून एक फाईल उतरवून घेतली होती. आता दुसरी घातली.

"काय आहे त्यात येवढं?" बंडूजींनी विचारले.

तिने फाईल लावली.

"हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन," अण्णाजी म्हणाले. "बंडू, आवाज येऊन राह्यला काय?"

"काई येत नाई," दोन वर्षांपूर्वीचे बंडूजी ठामपणे म्हणाले. "माईकच खराब आहे. वापस कर."

"मंग ही हिरवी रेघ काऊन नाचून राह्यली, महाराज?" आणि अण्णाजी हसायला लागले, तेवढ्यात बारा सेकंद संपले.

बाहेर शकुबाई कोणाला तरी बांगड्यांचा आकार विचारत होत्या. बंडूजींनी गळ्यातली शिट्टी चाचपली, सोडून दिली.

"पुन्हा लाव."

तिने लावली. या वेळी ते शेवटच्या हसण्याशी किंचित पुढे झुकले.

"दोन फ्लॉप्या केल्या?"

"हो."

"तिसरी कर. एक माह्यापाशी राहू दे."

"तुमच्याकडं कॉम्प्युटर कुठं आहे, काका?"

"नाई," बंडूजी म्हणाले. फ्लॉपी त्यांनी भिंगाशेजारी खिशात ठेवली आणि वरून हाताने एकदा दाबून पाहिली. "पन पुरावा जवळ असलेला बरा."