मुदतवाढीसाठी मेंदूचा काप

व्यसनमुक्ती विभागाच्या नियमावलीत मेंदू दुरुस्त होण्याची मुदत एकवीस दिवस ठरलेली होती. मेंदूला तसं कळवल्याची नोंद मात्र दप्तरात सापडत नाही.

विसाव्या दिवशी विभागात दाखल असलेल्या एका वेल्डरची थोरली बहीण प्रशासकांच्या टेबलापाशी उभी राहिली. पाठ दुखावली म्हणून याच रुग्णालयाने तिच्या भावाला सहा वर्षं अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या सुटेनात म्हणून याच रुग्णालयाने त्याला व्यसनी ठरवलं होतं. विभाग वेगळे असल्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"साहेब, अजून तीन महिने ठेवून घ्या त्याला. बाहेर पडला की परत गोळ्या घेईल. हातचा जाईल हो तो."

व्यसनमुक्ती विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी तिची बाजू घेतली. "मेंदू स्वतःही दुखणं शमवणारी द्रव्यं बनवतो, न्यूरोपेप्टाइडं. ती ज्यांना येऊन चिकटतात ते रिसेप्टर गोळ्यांच्या माऱ्याने बदललेत. त्याला जेवण गोड लागत नाही, बहीण जवळ बसली तरी बरं वाटत नाही. पूर्ववत व्हायला महिने लागतात."

"बदललेत, याला पुरावा?" प्रशासकांनी विचारलं.

जिवंत मेंदूतले रिसेप्टर दाखवणारं यंत्र रुग्णालयात होतं, पण उद्घाटनाची तारीख मिळेना म्हणून ते अजून खोक्यातच होतं.

"उंदरांच्या मेंदूत पाहिलंय आम्ही. काप काढून."

"मग याचाही काप जोडा अर्जाला. साक्षांकित."

"साहेब, माणूस जिवंत आहे!"

"ती तुमच्या विभागाची अडचण."

एकविसाव्या दिवशी वेल्डरच्या हातात फूल आणि 'पूर्ण बरा' असं प्रमाणपत्र देऊन फोटो काढला. तो हसला नाही, म्हणून दुसरा काढला. त्यानंतर नवव्या दिवशी तो बहिणीच्या शिलाई मशीनशेजारी मरून पडलेला सापडला. त्याने डोस जुनाच घेतला होता, पण सवय मोडलेल्या शरीराला तो आता पेलला नाही.

मग कामाला वेग आला. शवविच्छेदनात काप मिळाला, रिसेप्टर बदललेले दिसले, समितीने मुदतवाढ एकमताने मंजूर केली. बहिणीला पत्र आलं: रुग्णास सोमवारी सकाळी दहा वाजता कपड्यांच्या दोन जोडांसह हजर करावे.

ती एकटीच गेली. "माझ्या भावाचा मेंदू परत द्या."

"तो अर्जाला जोडलाय," प्रशासक म्हणाले. "जोडलेली कागदपत्रं परत मिळत नाहीत, ताई."

भाऊ गेल्यावर आपण सगळे तिच्या घरी भेटायला गेलो होतो. कारागीर चांगला होता, जरा मनावर घेतलं असतं तर व्यसन सुटलं असतं, असं जिना उतरताना कुणीतरी म्हणालं. याला पुरावा तुम्ही मागितला नाहीत. मीही नाही.