रहीमचाचांचं मनगट

रहीमचाचा रोज सकाळी आमच्या सरकारी दवाखान्यात शिव्या द्यायला येत. औषधाला कधीच नाही. मी तिथं कंपाउंडर होतो. दारातल्या लिंबाखाली उभे राहून ते डॉक्टरसाहेबांच्या नावानं ओरडत, "हात न लावता इलाज करतोय! ह्याला डाक्टर कुनी केलं?"

चाचा परंड्यातले हाडवैद्य. साहेबांकडं डिग्री होती, चाचांकडं बांबूच्या कामट्या आणि तेलाची बाटली. भांडण मात्र डिग्रीचं नव्हतं. साहेब टेबलापलीकडून "कुठं दुखतंय?" विचारत आणि मान वर न करता चिठ्ठी लिहीत. हाडाचं काही असलं की, "सोलापूरला जाऊन फोटो काढून आणा." चाचांकडं गुडघा घेऊन गेलेल्या माणसाची टाचेपासून मानेपर्यंत झडती व्हायची. कुणी कुरकुरलं की ते खेकसत, "गप! दुखतंय गुडघ्यात, बिघाड कमरेत. डोळे मीट, हाताला बघू दे!" डोळे पेशंटनं का मिटायचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ते दुष्काळाचं साल. खडी फोडायच्या कामावरून रोज दोन-चार जण ठेचाळून चाचांकडं येत. उघडी जखम दिसली की चाचा स्वतः त्या माणसाला आमच्याकडं आणत, वाटभर साहेबांचा उद्धार करत. "टाके घाल म्हनावं. तेवढं येतंय त्याला."

एक दिवस असंच कुणाला तरी आणायला गेलेले चाचाच खडीच्या ढिगावरून घसरले. उजवं मनगट निखळलं, तसेच ते दवाखान्यात आले. साहेब लांबूनच म्हणाले, "सोलापूर." माझं डोकंच फिरलं. मिक्श्चरची बाटली टेबलावर आदळून मी ओरडलो, "साहेब, एकदा हात तरी लावा!" साहेब पेन शोधू लागले.

चाचांनी मला लिंबाखाली ओढत नेलं. "तू बसव."

"चाचा, मला न्हाय येत."

"हा हात गेला तर मी काय करू रे? आन् लोकांनी जायचं कुठं? डोळे मीट, हाताला बघू दे!"

मी डोळे मिटले. बोटांना खरंच काहीतरी लागलं.

"ओढ! भाकरी थापतोस काय? आंगठ्याकडं! लई बावळट हाईस!"

खट्कन आवाज झाला. चाचांनी कळवळून एक शिवी हासडली, तीही सवयीनं साहेबांनाच.

कामट्या बांधून झाल्यावर मी हात काढून घेऊ लागलो, तर त्यांनी डाव्या हातानं तो तिथंच दाबून धरला.

"ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "तुझी चाची गेल्यापास्नं हा हात कुनी धरला न्हवता."

आतून साहेब माझ्या नावानं ओरडत होते. मी उठलो नाही.