मल्लूअण्णांचा पंचनामा

आमच्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी त्याचा पंचनामा होतो. तो पोलीस करत नाहीत. मल्लूअण्णा प्लास्टिकचं स्टूल घेऊन माडीवरून खाली उतरतात, जिथं घटना घडली तिथं ते मांडतात, त्यावर बसतात आणि म्हणतात, "दोष कुणाचाच न्हाय. आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच सांगा."

मी बालाजी. मूळचा बेंबळीचा, पण आता या मुरुम गावातच माझी पिठाची गिरणी आहे, अण्णांच्या घराच्या बरोबर समोर. त्यामुळं पंचनाम्याचा पहिला मान मला मिळाला. गिरणीचा पट्टा तुटला होता. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तोच समोर स्टूल आलं.

"पट्टा का तुटला, बालाजीराव?"

"जुना झाला होता."

"बदलला का न्हाय?"

"उमरग्याला जायला सवड मिळाली न्हाय."

"का न्हाय मिळाली?"

"मेव्हणा आला होता, अण्णा. त्याच्यापाशी बसावं लागलं."

"मेव्हणा का आला होता?"

मेव्हणा का आला होता ते मला पक्कं माहीत होतं. पण आतल्या दाराशी माझी बायको उभी होती, हे अण्णांना माहीत नव्हतं. "अण्णा, हितंच थांबू," मी हळूच म्हणालो. अण्णा कसले थांबतात? पट्ट्यापासून निघालेली चौकशी माझ्या सासुरवाडीच्या भांडणापर्यंत पोचली. त्या दिवशी मला जेवायला वाढलं गेलं, पण ताट आपटून. एक मात्र खरं, तेव्हापासून गिरणीत एक पट्टा कायम जादा असतो.

हा अण्णांचा छंद आहे असं आम्ही धरून चाललो होतो. तो त्यांचा धंदाही आहे, हे कळायला फार उशीर लागला. अण्णा कम्प्युटरचे इंजिनियर. आधी पुण्यात, मग हैदराबादला होते. वडील गेल्यावर आई एकटी राहिली म्हणून कायमचे मुरुमला आले आणि माडीवर बसून परदेशातल्या कंपनीचं काम करू लागले. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं, की दुसऱ्याला दहा वेळा 'का' विचारणारा हा माणूस स्टूल उचलून चालू लागायचा.

जगात कुठं एखाद्या बँकेचा कारभार अचानक बंद पडला, विमानतळावरचे कम्प्युटर बसले, की बाकीचे 'कुणी केलं?' असं विचारतात. अण्णा 'कसं झालं?' असं विचारायचे आणि त्यावर इंटरनेटवर इंग्रजीत लिहायचे. वाचणारे वाढले. मग त्यांनी पॉडकास्ट सुरू केला. परदेशात कम्प्युटरवाल्या लोकांच्या मोठ्या परिषदा भरतात. तिथं भाषण करायला आलेल्या नामांकित इंजिनियरांना अण्णा इंटरनेटवरून गाठायचे आणि त्यांच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे.

"भाषणात सगळे आपलं यश सांगत्यात, बालाजीराव," अण्णा मला म्हणाले होते. "यशात ऐकण्यासारखं काय असतंय?"

एकदा एक उंचच उंच गोरा माणूस एसटीतून उतरला आणि स्टँडवर "मल्लिनाथ, मल्लिनाथ" करत फिरू लागला. लोकांनी त्याला आधी देवळात नेलं. मग मल्लिनाथ म्हणजे मल्लूअण्णा, हे कुणाला तरी सुचलं आणि त्याला आमच्या गल्लीत आणलं. अण्णांना बघितल्यावर तो माणूस वाकून पाया पडायला निघाला. त्या दिवशी गल्लीला कळलं, की आपला पंचनामेवाला जगात मोठा आहे. का मोठा आहे ते काही कळलं नाही. त्यांचं एक वाक्यसुद्धा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. इंग्रजी कुणाला येतं?

आम्हाला फक्त गप्प बसणं माहीत होतं. रेकॉर्डिंगच्या खोलीला अण्णांनी चारी बाजूंनी वाकळा लावल्या होत्या, तरी त्यांच्या कानाला सगळं टोचायचं. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, कोंबडा. रेकॉर्डिंग सुरू झालं, की त्यांच्या आई, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, खाली येऊन ओट्यावर बसायच्या. अव्वा ओट्यावर दिसल्या की मी गिरणी बंद करायचो. गिऱ्हाईक कुरकुरायचं. मी म्हणायचो, "थांब जरा, जगाची चूक सापडायली."

तर अशा या अण्णांना पोर्तुगालमधल्या एका भल्या मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं. मुख्य मंचावर हजारो लोकांसमोर त्यांनी एका बाईंची मुलाखत घ्यायची होती. अण्णांनी नवा सूट शिवून घेतला. पण व्हिसा काही वेळेत आला नाही. परिषदवाले म्हणाले, तुम्ही तिथूनच बसा, आम्ही तुम्हाला पडद्यावर दाखवू.

"हितनं? ह्या गल्लीतनं?" अण्णा म्हणाले. "रेकॉर्डिंग असतं तर नंतर कापता येतं. हे थेट हाय, बालाजीराव. कुत्रं भुंकलं तर पोर्तुगालात भुंकणार."

मुलाखतीचा दिवस सोमवार होता. अण्णा सकाळपासून घरोघर हात जोडत फिरले. कुकर नको, मिक्सर नको, भांडण उद्यावर टाका. गिरणी मी आपणहून बंद ठेवली. सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात कोपऱ्यावर पाइपलाइन खणणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडली. अण्णांनी जेसीबीकडं बघितलं, सवयीनं म्हणाले, "दोष कुणाचाच..." आणि पुढचं गिळलं. मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला. एक त्यांचा, एक माझा, अशा दोन मोबाइलच्या इंटरनेटवर पोर्तुगाल टांगायचं ठरलं. जेमतेम ते जोडून होतंय तोवर लाइट गेली. इन्व्हर्टर चालू झाला. अण्णांच्या सुटाच्या पाठीवर घामाचा भलामोठा नकाशा उमटला होता.

"लग्नघराकडं जाऊन आलात न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

पुढच्या गल्लीत लग्न होतं. नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्या तिन्हीसांजेला निघणार असं मला सांगितलं होतं. तसं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला आणि माडीवर जाऊन दार लावून घेतलं. अव्वा ओट्यावर येऊन बसल्या.

गल्ली चिडीचूप झाली. वरून अण्णांचा आवाज झिरपत होता. मध्येच लोक हसल्याचं ऐकू आलं, म्हणजे पोर्तुगाल लागलं होतं.

आणि धाड् धाड् धाड् करत डीजेचा टेम्पो कोपऱ्यावरून वळला.

परण्या लवकर निघाला होता. पुढं पोरं नाचत होती, मागं घोड्यावर नवरदेव. मी धावत जाऊन नवरदेवाच्या मामाला गाठलं. फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला माणूस.

"मामा, जरा बंद करा. तेवढी गल्ली ओलांडेपर्यंत."

"का? कोण गेलं का?"

"न्हाय, न्हाय. अण्णांचं चालू हाय. पोर्तुगालला."

"पोर्तुगालला चालू हाय, तर हितं कशाला बंद?"

"लई मोठी सभा हाय, मामा. जगातली माणसं ऐकायलीत."

"परण्या थांबवला तर अपशकुन हुतंय. सरका बाजूला."

टेम्पो पुढं सरकला. माझ्या गिरणीचे पत्रे थरथरू लागले. मी हात जोडत उलटा चालत होतो, मामा मला ढकलत पुढं येत होते. आणि एकदम मामा थांबले. त्यांची नजर माझ्या मागं होती.

मी वळून बघितलं. अव्वा ओट्यावरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. डोक्यावर पदर, दोन्ही हात जोडलेले. टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. अव्वा मामांना कानडीत काहीतरी सांगू लागल्या. मला कानडी धड येत नाही. त्यातून त्या आवाजात फक्त ओठ हलताना दिसत होते. मामा सीमेकडचे, त्यांना कानडी येत होतं. त्यांनी वाकून ऐकलं. त्यांच्या मिशीचा पीळ उतरल्यासारखा झाला. त्यांनी हात वर केला आणि डीजे बंद पडला.

नाचणारी पोरं तशीच उभी. घोड्यानं शेपटी हलवली तेवढीच काय ती हालचाल. सगळे माडीकडं बघत होते. मला वाटलं, झालं, अण्णांची सभा उधळली.

माडीची खिडकी खाडकन उघडली. अण्णांचं डोकं बाहेर आलं, मागून माइक धरलेला हात आला.

"मामा!" अण्णा ओरडले. "बंद का केलं? वाजवा की!"

मामा चक्रावले. "आँ?"

"वाजवा म्हणतो! तिकडं सगळे ऐकायलेत. त्या बाईंना पण ऐकायचंय!"

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फेटा सारखा केला. "पोर्तुगाल ऐकतंय रे! लाव मोठ्यानं!" आणि मामा स्वतः नाचायला लागले. कुकरच्या शिट्टीला घाबरणारे अण्णा खिडकीतून माइक धरून उभे होते आणि सुटातल्या सुटात हलत होते. परण्या अख्खी गल्ली ओलांडून जाईपर्यंत त्यांनी माइक आत घेतला नाही. मग खिडकी लागली आणि पुन्हा इंग्रजी सुरू झालं.

शेवटी माडीवर पावसाच्या सरीसारखा मोठा गलका झाला आणि थांबला. मी दोनदोन पायऱ्या चढत वर गेलो. अण्णा टाय सोडून खुर्चीत पडले होते.

"उभं राहून टाळ्या वाजवल्या, बालाजीराव! डीजे वाजायला लागला तवा मला वाटलं, संपलं. मी सॉरी सॉरी म्हणत होतो. त्या बाई म्हणाल्या, हे काय वाजतंय? म्हटलं, लग्न. मग मधीच आवाज बंद पडला, तर सभेतले लोक म्हणाले, परत लावा!" ते लहान पोरासारखे हसत होते.

जिन्यात पावलं वाजली. अव्वा भिंतीला धरत वर आल्या. दम लागला होता.

"लई ओरडले का रे?" त्यांनी विचारलं. माझ्यासमोर त्या मोडकंतोडकं मराठी बोलतात.

"कोण, अव्वा?"

"साहेब लोक. शेवटी सगळे मिळून ओरडले की. काढलं का कामावरनं?"

अण्णा खुर्चीत सरळ झाले. "अव्वा, त्या टाळ्या होत्या."

"खोटं सांगू नको. मला इंग्रजी येत न्हाय, पण मिस्टेक कळतंय. सॉरी कळतंय. तू दार लावून सारखा कुणाशी तरी मिस्टेक, मिस्टेक बोलतो. तिकडनं पण मिस्टेकच म्हणतात. आज तर सॉरी किती म्हटलास! मी त्या फेट्यावाल्याला सांगितलं, बाबा, माझ्या पोराचे साहेब रागावलेत, तू वाजवलं तर त्याची नोकरी जाईल."

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"एवढा शिकलास," अव्वा म्हणाल्या, "तरी तुझ्या हातनं चुका किती हुतात रे? माझं शिवानं ऐकलं म्हणून तुझं काम टिकलं. तू हे मिस्टेक सुरू केल्यापासनं मी सोमवार धरते. पाणीसुद्धा घेत न्हाय."

मल्लूअण्णांनी गळ्यात लोंबणारा टाय काढून टाकला. ते माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बालाजीराव, मी काय करतो ते मी हिला कधी सांगितलंच न्हाय. हिला काय कळणार, म्हणून. तुम्हाला पण धड न्हाय सांगितलं. कुणालाच न्हाय."

मग ते उठले. स्वयंपाकघरात गेले. तांब्याभर पाणी, भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन आले. सुटासकट जमिनीवर मांडी घालून बसले आणि अव्वांचा हात धरून त्यांना समोर बसवलं.

"दिवस मावळू दे की," अव्वा म्हणाल्या.

"आता उपास न्हाय अव्वा. कुणी रागावत न्हाय मला. कधीच रागावलं न्हवतं. तू खा, मी सांगतो."

अण्णांनी भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. निम्मं कानडीत, मला कळावं म्हणून निम्मं मराठीत. पोर्तुगाल कुठं आहे, तिथं लोक कशाला जमले होते. ती बाई कोण, रेल्वेच्या कम्प्युटरवर तिनं एका सकाळी चुकीचं बटण कसं दाबलं आणि एका अख्ख्या देशातल्या गाड्या जागच्या जागी कशा उभ्या राहिल्या. स्टेशनांवर माणसं खोळंबली. लेकरं रडायला लागली. अण्णा हात हलवून सांगत होते. मीही भिंतीला टेकून कधी खाली बसलो ते मला कळलं नाही. खाली गिरणीसमोर कुणीतरी मला हाका मारत होतं.

अव्वांचा घास हातातच राहिला होता.

"मग त्या बाईला लई बोलले असतील."

"न्हाय अव्वा."

"काढली असेल तिला."

"न्हाय काढली. अजून तिथंच हाय. मोठ्या हुद्द्यावर हाय."

अव्वांनी खात्री करून घ्यावी तसं लेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.